श्वासाच्या जागा

पुण्यात थंडी पडली की आधी पंखे बंद होतात, आणि पंखे बंद झाले की घर ऐकू यायला लागतं. लोक थंडी स्वेटरवरून ओळखतात, हुरड्यावरून ओळखतात, मी कानावरून ओळखते. एखाद्या दुपारी अचानक फ्रीजची घरघर कळते. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली ते कळतं. भिंतीतल्या नळात पाणी अडखळतं, तेही कळतं. हे आवाज उन्हाळाभर असतातच, फक्त पंख्याखाली झाकलेले असतात. थंडी ते झाकण काढून घेते. आणि मग मला, इतकी वर्षं होऊनसुद्धा, दुपारचं घरात एकटीनं बसवत नाही.

आता मी पुण्याच्या कडेला, मांजरी गावात राहते. खिडकीतून अजून ऊस दिसतो, दरवर्षी थोडा कमी आणि इमारती थोड्या जास्त. ऊस तोडून नेला की मागे पाचट उरतं, आणि त्यावरून वारा गेला की कुणीतरी नवी साडी सावरत चालल्यासारखं वाटतं. मोबाइलवर गोष्टी ऐकवणाऱ्या एका कंपनीचं काम मी घरूनच करते. कुणीतरी वाचलेली गोष्ट माझ्याकडे येते, मी तिच्यात दारं, पावलं, वारा आणि संगीत भरून परत पाठवते. परवा तिथल्या ईशाचा फोन आला. ईशा हुशार आहे, वयानं माझ्या भाचीएवढी आहे.

‘मॅम, त्या ओल्ड सीडीज आल्यात ना, भुताच्या, त्यातला एक एपिसोड ऐकला मी. सीरियसली, दुसरा ऐकायची हिंमतच नाही झाली. ही बाई श्वास कधी घेते?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे पूर्ण एपिसोडमध्ये एकदाही घेत नाही. एआय व्हॉइस आहे का?’

‘तेव्हा एआय नव्हतं, ईशा. तेव्हा कुमुदताई होत्या.’

‘मग असं का वाटतं?’

फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. कुकर झालाय, असं काहीतरी सांगून मी फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

ती थंडी नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. कॅसेटचा धंदा चालू होता पण त्याला धाप लागली होती. सीडी आली होती, आणि पेठेपेठेत संगणकाचे क्लास निघाले होते. माझ्याबरोबर बी.कॉम. झालेल्या मुली तिकडे जाऊन काहीतरी शिकत होत्या आणि बघता बघता अमेरिकेला जात होत्या. मी नारायण पेठेत एका कॅसेट कंपनीत लागले होते. कंपनी म्हणजे मालक सुहासराव, त्यांचा टेलिफोन आणि मी. आरत्या, अभंग, लहान मुलांच्या गोष्टी असं सगळं काढून झाल्यावर सुहासरावांना वाटलं, मराठी माणूस पैसे देऊन घाबरायलासुद्धा तयार होईल. त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

स्टुडिओ म्हणजे तळमजल्यावरची मागची खोली. अंड्यांचे पुठ्ठे भिंतींना लावले की आवाज घुमत नाही, असं सुहासरावांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. पुठ्ठे आले. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे.

‘या इमारतीत अंडी चालत नाहीत.’

‘अंडी नाहीत हो, नुसते पुठ्ठे आहेत.’

‘मग अंडी कुठे गेली?’

याला उत्तर नसल्यामुळे पुठ्ठे परत गेले आणि भिंतींना गोधड्या लागल्या. कुणाकुणाच्या घरातल्या जुन्या साड्या, धोतरं, परकर शिवून केलेल्या त्या गोधड्या. खोलीत शिरलं की आपलाच आवाज ओठांपाशी संपायचा. बाहेरून येणाऱ्या माणसाला पहिल्या मिनिटात जरा गुदमरल्यासारखं व्हायचं. मला सवय होती.

भुताच्या गोष्टी आम्ही भर दुपारी रेकॉर्ड करायचो. रात्री पेठांमध्ये टीव्ही चालू असतात, भांडी पडत असतात, स्कूटरी येत असतात. दुपारी मात्र जेवणं झाली की सगळं झोपतं. दुकानांची शटरं खाली येतात, रिक्षावाला पाय वर घेऊन मागच्या सीटवर आडवा होतो. त्या उन्हातल्या शांततेइतकं भीतिदायक मी दुसरं काही ऐकलेलं नाही. रात्रीच्या शांततेला निदान कारण असतं. दुपारी सगळं जागच्या जागी असतं, ऊन असतं, दोरीवर कपडे वाळत असतात, आणि माणूस कुठेच नसतो.

गोष्टी वाचायला कुमुदताई यायच्या. मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, अंगानं बारीक, पण आवाज असा की मागच्या बाकावरची मुलगीही दचकून सरळ बसावी. त्यांच्याबरोबर नाना यायचे, त्यांचे यजमान. नाना सरकारी खात्यात नकाशे काढायचे. सगळ्या जिल्ह्याचे रस्ते त्यांच्या बोटांत होते, आणि आता त्यांना स्वतःची गल्ली सापडत नव्हती. घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून कुमुदताई त्यांना हाताला धरून आणायच्या आणि स्टुडिओतच कोपऱ्यात लोखंडी खुर्चीवर बसवायच्या. सुहासरावांनी एकदा कुरकुर केली. ‘ते येणार नसतील तर मीही येणार नाही,’ एवढंच उत्तर मिळालं. कुमुदताईंनी सुहासरावांच्या थोरल्या बहिणीला शिकवलं होतं, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

नाना त्रास द्यायचे नाहीत. हात गुडघ्यांवर, मान थोडी डावीकडे कललेली, नजर समोरच्या गोधडीवर. मधल्या वेळात चहा आला की ते कुमुदताईंना अगदी अदबीनं विचारायचे, ‘बाई, आमची मंडळी कुठे दिसत नाहीत?’

आमची मंडळी म्हणजे बायको. आपल्याच बायकोला ते विचारत असत. कुमुदताई बशीत चहा ओतून त्यांच्यापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, ‘येतीलच हं एवढ्यात. तुम्ही चहा घ्या.’

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी उठून बाहेर गेले. कुमुदताई मागून आल्या. ‘ओळखलं नाही तरी चालेल गं,’ त्या म्हणाल्या. ‘त्याचं मी रडून घेतलं. पण मी बोलते ते त्यांच्यापर्यंत पोचतं की नाही, एवढं मला कुणीतरी सांगायला हवं. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, तुम्ही बोलत राहा. ही काय उत्तर द्यायची रीत झाली?’

त्या हिवाळ्यातली गोष्ट एका धरणाकाठच्या बाईची होती. जुनं गाव पाण्याखाली गेलेलं, नवरा त्याच पाण्यात बुडून मेलेला, बाई वरच्या वसाहतीत एकटी. रोज तिन्हीसांजेला दारावर थाप पडते आणि नवऱ्याच्या आवाजात हाक येते. अशा हाकेला ओ द्यायची नसते. ओ दिली की तो आत येतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. म्हणून ती बाई दाराच्या आतून रोज एकच वाक्य म्हणते, ‘कोण तुम्ही? मी तुम्हाला ओळखत नाही.’ प्रत्येक भागात ते वाक्य यायचं. गोष्ट त्याच्यावरच उभी होती.

कुमुदताई ते वाक्य फार हळू म्हणायच्या, जवळजवळ मायेनं. मी एकदा सुचवलं, ‘जरा कठोर म्हणता का?’

‘अगं, ती त्याला ओळखते आहे ना? खोटं बोलायचंय तिला. आपल्या माणसाशी खोटं कठोर आवाजात बोलता येत नाही.’

नवऱ्याची हाक त्यांनी आवाजात काढलीच नाही. हाकेच्या जागी फक्त थांबायच्या. काय हाक आली ते ऐकणाऱ्यानं स्वतःच्या घरातल्या आवाजात ऐकायचं.

बाकीचे आवाज माझ्याकडे. त्यासाठी मी सकाळी मंडईत जायची. शेवग्याची शेंग मोडली की बोटाचं हाड मोडल्यासारखं वाजतं, पण सगळ्या शेंगा नाही, जरा जून झालेली लागते. मी एकेक शेंग कानाशी धरून वाकवून बघायची. भाजीवाल्या मावशी थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘घरी कुणी खानारं हाय, का नुसतंच ऐकनारं?’ पाण्यासाठी मी टेपरेकॉर्डर घेऊन खडकवासल्याला गेले. काठाला येऊन दगडाला टेकणारं, जीभ लावल्यासारखं पाणी हवं होतं. ते मिळालं, पण घरी येऊन ऐकलं तर त्या पाण्यावरून फार लांबून बिगूल वाजत होता, तिथल्या लष्करी अकादमीकडचा. तिथे उभी असताना मला तो ऐकूच आला नव्हता. कान आपल्याला हवं तेवढंच ऐकतात. यंत्राला अशी निवड नसते, ते सगळ्यांना आत घेतं.

संगीत म्हणाल तर आमच्याकडे एक जुनी पेटी होती. तिचा खालचा एक सूर दाबून धरायचा, भाता अगदी हळू, इतका हळू की सूर चालू आहे हे कळू नये. तो कधी सुरू झाला ते कुणाला कळत नसे, बंद झाला की मात्र सगळ्यांना कळे. भीती संगीतानं येत नाही. संगीत आहे तोवर ऐकणाऱ्याचा हात कुणीतरी धरलेला असतो. तो सोडायचा, आणि मग दारावर थाप द्यायची. हल्ली ईशाच्या कंपनीला पहिल्यापासून शेवटपर्यंत संगीत लागतं, भिंतीला रंग मारावा तसं. मी मारते. मधेच एखादी जागा मुद्दाम कोरी सोडते, तर फाइल परत येते, ‘मॅम, इथे काहीतरी मिसिंग आहे.’ अगं बाई, मिसिंगच ठेवलंय.

आणि खोली. रेकॉर्डिंग संपलं की आम्ही ‘खोली घ्यायचो’. म्हणजे सगळ्यांनी जागच्या जागी बसायचं, काही बोलायचं नाही, आणि टेप चालू ठेवायची. कुमुदताईंचा खोकला किंवा पान उलटल्याचा आवाज कापला की तिथे काहीतरी भरावं लागतं. कोरी टेप जोडली तर ऐकणाऱ्याचा कान पायरी चुकल्यासारखा खाली जातो. तिथे त्याच खोलीची शांतता लावावी लागते. खोलीखोलीची शांतता वेगळी असते, एकीची दुसरीला चालत नाही.

त्याच हिवाळ्यात सुहासरावांनी कर्ज काढून संगणक आणला, आणि तो चालवायला प्रफुल्ल यायला लागला. प्रफुल्ल यवतमाळचा, एका आयटी कंपनीत नोकरीला, सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, ‘चला, आता खोली घेऊ.’ सगळे गप्प झाले, टेप फिरायला लागली, आणि प्रफुल्ल मोठ्यानं म्हणाला, ‘तुम्ही खोली घेऊन राहिले का मॅडम? मले बी पाहिजे होती. घरमालक लई किरकिर करून राहिला.’

कुमुदताई तोंडावर पदर धरून हसल्या. ती खोली फुकट गेली, दुसऱ्यांदा घ्यावी लागली. तेवढं एकच हसू त्या खोलीत रेकॉर्ड झालं, आणि तेही मी पुसलं.

त्या शांततेत काहीतरी आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. दुपारी हेडफोन लावून मी तुकडे जोडत होते, खोलीत एकटीच. शांततेचा तुकडा कानात चालू होता आणि त्यात कुणीतरी श्वास घेत होतं. मला वाटलं मीच. मी श्वास रोखला. कानातला चालूच राहिला. सावकाश, नाकातून, वर चढताना जरा घासत. मी हेडफोन काढून मागे बघितलं. कोपऱ्यात रिकामी लोखंडी खुर्ची. मग डोक्यात प्रकाश पडला. खोली घेताना नाना खोलीतच असत. बोलू नका म्हटलं की आम्ही श्वाससुद्धा जपून घ्यायचो, नानांना कुणी काही सांगायचं नाही.

मी तीच खोली वापरत राहिले, दुसरी नव्हतीच. वाक्यावाक्यांच्या मध्ये नाना बसले. बाई दाराशी उभी आहे, हाक येऊन गेली आहे, पेटीचा सूर थांबला आहे, आणि त्या थांबण्यात कुणीतरी तिसरं माणूस श्वास घेतं आहे. मी केलेलं ते सगळ्यात चांगलं काम असावं, आणि मी ते केलेलं नव्हतं.

पहिल्या भागांच्या कॅसेटी बाजारात गेल्या आणि लोकांच्या ते ध्यानात आलंच. लक्ष्मी रोडवरचा एक दुकानदार सुहासरावांना म्हणाला, ‘अहो, गिऱ्हाईक कॅसेट परत आणतंय. म्हणतात, मागे कुणीतरी आहे.’

‘भुताच्या गोष्टीत भूत निघालं, तर तक्रार कसली?’ सुहासराव म्हणाले. पण मनातून ते खट्टू झाले. सीडी काढायची होती, आणि सीडीत सगळं स्वच्छ ऐकू येतं, असं तेव्हा प्रत्येक जाहिरात सांगत होती.

संक्रांतीच्या आधी नाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. कुमुदताई शेजारी बसून पुढचा भाग वाचायचा सराव करत होत्या. वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

दिवसकार्य आटोपल्यावर त्या परत आल्या. गोष्टीचे शेवटचे भाग राहिले होते. मी म्हटलं, घाई नाही. ‘घरी बसून काय करू? घरात पंखासुद्धा नाही लावलेला,’ त्या म्हणाल्या, आणि मला ते पुरतं कळलं. आम्ही रेकॉर्ड केलं, पण आवाज जुळेना. तीच खोली, तोच माइक, त्याच गोधड्या, आणि कुमुदताई कुठल्यातरी दुसऱ्या घरातून बोलतायत असं वाटायचं. माणूस खोलीत असला की आवाज थोडा पितो. एक माणूस कमी झाला की खोली तेवढी घुमायला लागते. शेवटी मी एका गोधडीची वळकटी केली आणि नानांच्या खुर्चीवर उभी ठेवली. कुमुदताई बघत होत्या. मला वाटलं, आता या उठून जातील.

‘जरा डावीकडे कलती कर,’ त्या म्हणाल्या. ‘ते तसे बसायचे.’

मी केली. आवाज जुळला. त्या दुपारी मला त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसवेना आणि तोंड करूनही बसवेना.

मग सीडीची वेळ आली. प्रफुल्लच्या संगणकात एक सोय होती. नको असलेला आवाज यंत्राला एकदा नुसता ऐकवायचा, मग तो जिथे जिथे असेल तिथून ते उचलून घेई. ऐकवायला आमच्याकडे खोली होतीच, फक्त नाना असलेली.

‘त्याले एकदा समजलं ना मॅडम, का हा कचरा आहे, का मंग तो सोडत नाही.’

‘कचरा म्हणू नकोस.’

‘नाही न मॅडम, मी नाही म्हणत. प्रोग्राममध्ये तसं लिहून आहे.’ तो बिचारा ओशाळला.

एक भाग करून बघितला. नाना गेले. पण यंत्राला त्यांचा श्वास आणि कुमुदताईंचा श्वास यातला फरक कळला नाही. श्वास म्हणजे शेवटी वाराच. त्यानं कुमुदताईंचेही सगळे श्वास उचलले. उरला तो आवाज स्वच्छ होता, शब्द न् शब्द लख्ख, आणि बोलणारी बाई जिवंत नव्हती. एक वाक्य संपलं की काहीच नाही, आणि त्या काहीच नाहीमधून दुसरं वाक्य. सुहासराव म्हणाले, ‘काचेसारखं झालंय!’ मी म्हटलं, कुमुदताईंना विचारल्याशिवाय काही होणार नाही. विचारलं. ‘त्यांना काढायचं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांना काढायचं असेल तर माझा आवाजही काढा.’ सुहासरावांनी तो नाद सोडला. माझ्या मनासारखं झालं होतं.

तिथेच थांबलं असतं. पण प्रफुल्लनं चहा पिताना सहज सांगितलं, की यंत्र जे उचलून घेतं ते टाकत नाही, हवं तर नुसतं तेवढंच ऐकता येतं. कुमुदताईंनी कप खाली ठेवला.

‘नुसते ते?’

‘हो काकू. तुमचे शब्द निघून जातात, मंग बाकी राहते ते.’

‘लाव.’

दुपारच होती. प्रफुल्लनं मी काहीही न जोडलेलं मूळ रेकॉर्डिंग यंत्राला दिलं, आम्ही दोघींनी हेडफोन लावले. शब्द नव्हते, शब्दांची पुसटशी सळसळ होती, आणि तिच्याखाली दोन श्वास. मला ते वेगळे करता आले नसते. कुमुदताई मात्र डोळे मिटून बोट हलवत होत्या, ‘हा माझा. हा त्यांचा. हा त्यांचा.’ गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. सळसळीवरून त्या ओठांतल्या ओठांत वाक्यं म्हणत पुढे जात होत्या. बाई दिवा लावते. बाई कडी घालते. थाप पडते.

नानांचा श्वास थांबला.

थाप होऊन गेली, बाई मागे सरली, मग तो सुटला, एकदम, लांब.

‘ऐकलंस?’ कुमुदताईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. ‘ऐकत होते गं! घाबरत होते!’ त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. ‘पहिल्यापासून भित्रेच. झुरळ दिसलं की पलंगावर चढायचे. शैला, ऐकत होते ते. सगळं पोचत होतं त्यांना.’ मलाही रडू आलं. प्रफुल्ल खाली बघत होता. कुमुदताईंना जे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते त्यांना कळलं होतं. मला इतका आनंद त्या खोलीत कधी झाला नव्हता.

‘पुढचं लाव,’ त्या म्हणाल्या.

पुढे हाकेची जागा आली. नानांचा श्वास सावकाश चालला होता. कुमुदताई पुटपुटल्या, ‘कोण तुम्ही? मी तुम्हाला ओळखत नाही.’ आणि श्वास थांबला. थापेच्या वेळी थांबला होता तसा नाही. थांबला आणि थांबूनच राहिला. पुढची वाक्यं सळसळत गेली, बाई दारापासून निघाली, चुलीपाशी जाऊन बसली, आणि मग कुठे तो परत सुरू झाला, आधीपेक्षा बारीक, भिंतीला लागून कुणी सरकावं तसा.

पुढच्या भागातही. त्याच वाक्यावर. त्याच्या पुढच्या भागात थापेला तो थांबलाच नाही, थापेची सवय झाली होती. त्या वाक्याची झाली नाही. तिथे तो दरवेळी थांबत होता.

कुमुदताईंनी म्हणणं बंद केलं. थोड्या वेळानं त्यांनी हेडफोन काढून मांडीवर घेतले.

‘मला समोर कुणीतरी लागतं बोलायला,’ त्या म्हणाल्या. ‘गोधडीशी कसं बोलणार? ते वाक्य मी त्यांच्याकडे बघून म्हणत असे.’

मला आठवत होतं. कागदावरून नजर काढून त्या कोपऱ्याकडे बघायच्या, आणि फार हळू, मायेनं म्हणायच्या.

‘शैला, ही गोष्ट आहे, हे त्यांना कळत होतं का गं?’

कळत असेल, असं मी म्हणायला हवं होतं. बाहेर ऊन होतं, कुठेतरी एक शटर वर गेलं, पेठ जागी होत होती. प्रफुल्लनं यंत्र बंद करायला हात पुढे केला, तर कुमुदताई म्हणाल्या, ‘बंद करू नकोस. काढ त्यांना.’

‘काकू, तुम्ही तर म्हणाल्या होत्या...’

‘तिथून बाहेर काढ त्यांना. सगळ्या भागांतून. एकाही भागात ठेवू नकोस.’

‘तुमचा श्वासही जाईल,’ मी म्हटलं.

‘जाऊ दे.’

तेव्हाचे संगणक सावकाश चालायचे. पडद्यावर एक निळी पट्टी भरत जायची, एक भाग संपला की दुसरा. कुमुदताई दवाखान्याच्या बाकावर बसावं तशा पाठ ताठ ठेवून बसून राहिल्या. मधे प्रफुल्लनं पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. प्रत्येक भाग झाला की त्या विचारत, ‘झाले का?’ प्रफुल्ल ‘हो काकू’ म्हणे. शेवटची पट्टी भरली तेव्हा पहाट होऊन बाहेर दूधवाल्यांच्या सायकली सुरू झाल्या होत्या.

त्या उठल्या, पदर नीट केला. खोलीचं जड दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं, आणि स्वतः आधी न जाता बाजूला होऊन उभ्या राहिल्या. एका वयस्कर माणसाला उंबरा ओलांडायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ थांबल्या. मग त्याही बाहेर पडल्या.